चीतपटची हलगी

शिवाजी पेठ, कोल्हापूर
१५ एप्रिल

ती. आक्कास,

गुंडूचा नमस्कार. पाया पडतो असं लिहिणार होतो, पण पाया समोर येऊन पडायचं असतं, म्हणून नुसता नमस्कार. पेठेतून उचगावला यायला असा वेळ तो किती लागतो? आणि मी इथं पत्र लिहीत बसलोय. पोस्टमनसुद्धा हसेल. तुला मी याआधी एकच पत्र लिहिलंय, तू लग्न होऊन गेलीस तेव्हा. आईनं कान धरून बसवलं होतं आणि त्यात मी आमच्या टीमनं फायनलला किती गोल मारले एवढंच कळवलं होतं.

इकडे सगळं ठीक आहे. आईचा गुडघा होता तसाच आहे. डॉक्टर म्हणतात जिना चढू नका, आणि ही सांडगे वाळत टाकायला गच्चीवर जाते. राजनंदिनीच्या रुखवतात आपल्या घरचे सांडगे हवेतच म्हणे. मी म्हटलं, आजकाल रुखवतातलं कोण खातं? तर म्हणाली, खायला नसतं ते, बघायला असतं. जोतिबाची यात्रा झाली. आपल्या गल्लीतून सासनकाठी गेली तेव्हा मी खिडकी लावायची विसरलो, आता माझ्या कीबोर्डच्या फटीफटीत गुलाल आहे.

माझ्या कामाचं बरं चाललंय. पिक्चर लागल्यापासून रोज कुणी ना कुणी दारात येतो. तालमीनं बोलावून फेटा बांधला, नारळ दिला, भाषणं केली. कालपर्यंत ‘ए बेंजो’ म्हणून हाक मारणारी माणसं आता ‘ऋतुराजदादा’ म्हणतात. पडद्यावर मी ऋतुराज हे नाव लावलंय म्हणून आई अजून फुगलेलीच आहे. आज्ज्याचं नाव ठेवलं होतं, त्याची लाज वाटली काय तुला, असं विचारते. 

तू फोन घेत नाहीस. राजनंदिनी घेते आणि म्हणते, आई गोठ्यात हाय. सकाळी गोठ्यात, दुपारी गोठ्यात, दिवेलागणीला गोठ्यात. एवढा वेळ गोठ्यात म्हैसही काढत नाही आक्का.

तू पिक्चरला गेली होतीस हे मला नंतर कळलं. राजनंदिनीला घेऊन दुपारच्या खेळाला गेलीस आणि मध्येच उठून आलीस. मला सांगितलं असतंस तर मी बरोबर आलो असतो. निदान तुला आधी काही सांगता तरी आलं असतं.

आता विषय निघालाच आहे तर लिहितो. ज्यानं आपल्या अमरसिंह दाजींना उचगावच्या भर बाजारात मारलं, त्याचं नाव आपल्या घरात कुणी घेत नाही, मीही इथं लिहीत नाही. तो तुरुंगात आजारानं मेला तेव्हा वाटलं, संपलं. पण त्याच्या वाढदिवसाला अजून बोर्ड लागतात, आणि शेवटी त्याच्या आयुष्यावर पिक्चर निघाला. आणि त्याचं संगीत केलं ते तुझ्या सख्ख्या भावानं. दिग्दर्शक प्रसेनजीतला मीच तुझ्याकडे घेऊन आलो होतो. तो नागपूरकडचा, वयानं आपल्या राजनंदिनीपेक्षा थोडाच मोठा. खुर्ची दिली तरी जमिनीवर बसला. दाजी कोर्टात साक्ष द्यायला उभे राहिले आणि म्हणून मारले गेले, हे आम्ही जसंच्या तसं दाखवू, असं त्यानं तुला सांगितलं. तू कशालाच नाही म्हणाली नाहीस. फक्त एक मागितलंस.

‘ह्येनी पडत्यात तितं काय वाजवू नगा. त्या दिशी बाजारात कोन बोललं न्हाई. पिक्चरमदी बी आवाज नगो. समद्यास्नी ऐकू येऊ दे, कोन बोललं न्हाई ते.’

मी तुझ्या हातावर हात ठेवून हो म्हटलं होतं. मी ते विसरलेलो नाही.

पण आक्का, पिक्चरच्या धंद्यात आमच्यासारख्याला विचारतो कोण? शेवटचा शब्द निर्मात्याचा. त्याला तिथं ठेका पाहिजे होता. पब्लिक झोपेल म्हणाला. मी भांडलो, पण मी पडलो वाजवणारा माणूस. प्रसेनजीतनं जरा जोर लावला असता तर काही झालं असतं, पण तोही गप्प राहिला. मोठ्या माणसांपुढं आपलं चालत नाही हे तुला मी काय सांगू.

आता खरं काम. तू आईला लग्नाचं सांगायला आलीस ती नेमकी मी घरात नसताना. मी परत आलो तर आई ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. म्हणाली, पोरीला बोहल्यावर आणायला शाहूवाडीचा सर्जेराव येणार हाय. मला आधी वाटलं ती चेष्टा करतेय.

सर्जेराव माणूस चांगला आहे, मी त्याला नावं ठेवत नाही. पण तो चुलत मामा. मी सख्खा आहे आणि जिवंत आहे. राजनंदिनीला सायकल मी शिकवली. दाजी गेले तेव्हा ती बालवाडीत होती, शाळेच्या गॅदरिंगला बापाच्या जागी मी जाऊन बसायचो. तिचा हात धरून मांडवात आणायचं आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं, एवढाच मामाचा मान असतो. तो मी तिच्या लहानपणापासून माझा धरून चाललोय. लोक काय म्हणतील ते सोड. मला तो हवा आहे.

रागावलीयस तर शिव्या घाल, पण फोनवर घाल. मला मामा म्हणून उभा राहू दे. एवढंच मागतो.

तुझा धाकटा,
गुंडू


शिवाजी पेठ, कोल्हापूर
३० एप्रिल, अक्षयतृतीया

ती. आक्कास,

नमस्कार.

काल राजनंदिनी येऊन गेली. हळदीकुंकवाची बोटं लावलेली पत्रिका माझ्या हातात दिली, वर अक्षता ठेवल्या आणि म्हणाली, आईनं सांगितलंय, मामा तूच. आपल्या आईला रडू फुटलं. पाचच मिनिटांनी डोळे पुसून तिनं फेट्याच्या रंगावरून माझ्याशी भांडायला सुरुवात केली. मीही हसलो. पोरीला चहा केला, साखर जास्त पडली तरी तिनं तो संपवला.

चहा पिता पिता तिनं बाकीचं सांगितलं. प्रसेनजीत उचगावला येऊन गेला म्हणे. पुण्याहून एसटीनं आला, तुझ्या पायरीवर बसला आणि म्हणाला, जे पडद्यावर दिसतं आणि ऐकू येतं त्याला दिग्दर्शक जबाबदार असतो, चूक माझी आहे, गुंडूदादांना बोल लावू नका. तू त्याला फाडून खाल्लंस. तुज्या आईला असं दावलं असतंस का, असं विचारलंस. त्यानं मान वर केली नाही, आणि तू पाणीसुद्धा न विचारता त्याला वाटेला लावलंस. त्यानंतर तू राजनंदिनीला म्हणालीस, मग गुंड्याला कशापायी शिक्षा.

ती हे मला आनंदानं सांगत होती. सगळं मिटलं म्हणून पोरगी खूश होती.

आक्का, प्रसेनजीतनं तुला खोटं सांगितलं. का सांगितलं ते मला माहीत नाही. मी त्याला पाठवलेलं नाही, तो येणार हेही मला ठाऊक नव्हतं. माझ्यासारख्या माणसासाठी कुणी एसटीनं एवढ्या लांब येऊन शिव्या खाईल असं मला वाटलंच नसतं.

मागच्या पत्रात मी लिहिलं की निर्मात्याला ठेका पाहिजे होता. निर्मात्याला काहीच नको होतं. तो स्टुडिओत आला की जेवायला तांबडा रस्सा कुठला मागवायचा एवढंच बोलायचा. प्रसेनजीतनं तो प्रसंग तू सांगितलास तसाच रिकामा ठेवला होता. दाजी पडतात, स्कूटर आडवी होते, तिचं मागचं चाक फिरत राहतं. चाकाची बारीक घरघर आणि दुकानांची शटर खाली येतात त्याचा आवाज, बस. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा उठून स्टुडिओबाहेर जाऊन उभा राहिलो.

आणि दुसऱ्यांदा बघितलं तेव्हा मनात आलं, इथं माझं काहीच नाही.

हे कसं लिहू तेच कळत नाही. मी उभा जन्म वरातीत बेंजो वाजवला. लोक नाचतात, शिट्ट्या मारतात, पण बघतात घोड्यावरच्या नवऱ्याकडं. वाजवणारा गाडीवर जनरेटरशेजारी धूर खात बसलेला असतो. या पिक्चरमध्ये पहिल्यांदा माझं नाव एकट्याचं येणार होतं. आणि सगळ्या पिक्चरचा कणा असलेला जो प्रसंग, तोच मुका. मला वाटलं, इथं असं काही करावं की लोकांनी खुर्चीवरून उठलं पाहिजे. कोल्हापूरचा माणूस कशानं उठतो ते मला ठाऊक होतं.

खासबागेत कुस्ती बघायला दाजी मला खांद्यावर बसवून न्यायचे, आठवतं? डावपेच चालू असतात तोवर हलगी आपली एका लयीत वाजत असते, आणि एकाची पाठ मातीला लागली, कुस्ती चीतपट झाली, की तीच हलगी कडाडते. तो ठेका ऐकला की सगळं मैदान उभं राहतं, फेटे उडतात. कुणी कुणाला पाडलं हे न बघतासुद्धा लोक ओरडतात, हात आपोआप वर जातात. तो ठेका आहे तो आक्का. दाजी पडतात तिथं मी तो घातला.

कागलच्या विलासला बोलावून दुपारी वाजवून घेतला. त्याला पडद्यावरचं काही दाखवलं नव्हतं. त्यानं हलगी शेकली, कानाला लावून बघितली आणि मला विचारलं, ‘कोन पडलंय?’ कुठल्या पैलवानासाठी वाजवायची ते कळलं की हाताला जोर येतो, असा त्याचा हिशेब. मी म्हटलं, कोण न्हाई, तू वाजव.

त्यानं वाजवली. मी ती त्या प्रसंगाला जोडली आणि स्टुडिओतली सगळी माणसं उठून उभी राहिली. निर्मात्यानं मला मिठी मारली. माझ्या अंगावर काटा आला. समोर दाजी मरत होते आणि माझ्या अंगावर काटा आला तो माझ्या ठेक्यानं.

एकटा प्रसेनजीत बसून होता. त्याला हलगीतलं काही कळत नाही. त्यानं मला विचारलं, दादा, आपण ताईंना शब्द दिलाय ना? आणि ही हलगी कधी वाजवतात तुमच्याकडं? मी म्हटलं, मयताला वाजवतात. आमच्याकडचा दुःखाचा ठेका आहे, आक्काला उलट बरं वाटेल.

हलगी मयताला वाजते हे खरंच आहे. पण ती वेगळी असते, संथ असते, आणि ही ती नव्हती. तो परका पोरगा. मी इथला, आणि त्यातून मेलेल्या माणसाचा मेहुणा. माझ्यावर विश्वास नाही ठेवायचा तर कुणावर ठेवायचा? त्यानं मान डोलावली. वर म्हणाला, तुम्ही नसता तर मला हे कळलंच नसतं.

पहिल्या दिवशी आम्ही दोघं इथल्या टॉकीजला मागं उभे होतो. तो प्रसंग आला, हलगी कडाडली आणि सगळं थेटर उठलं. शिट्ट्या, टोप्या, सुटे पैसे, पडद्यापुढं पोरं नाचायला लागली. दाजी पडले आणि ज्यानं पाडलं तो जिंकला. मी तसंच सांगितलं होतं ना त्यांना, हलगीच्या भाषेत. प्रसेनजीतनं माझ्याकडं बघितलं. त्याला सगळं कळलं होतं. तो तसाच बाहेर निघून गेला. मला वाटलं, त्याला माझा हेवा वाटला. देवाशप्पथ, मला तेव्हा तसं वाटलं होतं. एवढा मी फुगलो होतो.

इथं मी पत्र थांबवलं होतं. आईला आमरसासाठी आंबे पिळून दिले, तिची गोळी दिली, पत्र्यावर माकडं आली होती ती हाकलली. आता सणाचं जेवून परत बसलोय. अजून एक राहिलंय. ते न लिहिता पत्र पाकिटात घालावं असं फार वाटतंय.

मी रोज टॉकीजला जात होतो. पिक्चर बघायला नाही. डोअरकीपर ओळखीचा झाला होता, तो प्रसंग यायच्या जरा आधी मला आत सोडायचा. मी दाराच्या आतल्या बाजूला उभा राहून शिट्ट्या ऐकायचो आणि परत यायचो. दारुड्याला गुत्त्याची वेळ झाली की पाय आपोआप वळतात, तसं झालं होतं माझं.

तू आलीस त्या दुपारीही मी होतो.

तू आत आहेस हे मला माहीत नव्हतं. हलगी सुरू झाली, सगळे उठले, आणि मधल्या रांगेतून एक बाई पदर तोंडाला लावून बाहेर येताना दिसली. नाचणारी पोरं वाट देत नव्हती. त्यातला एक म्हणाला, ‘ओ मावशी, बसा की, आत्ताच तर मजा आलीया.’ त्या बाईनं त्याला हातानं बाजूला केलं. पडद्यावरचा उजेड तोंडावर पडला तेव्हा मी तुला ओळखलं. तुझ्यामागं राजनंदिनी होती, ती खाली बघत चालत होती.

त्या टॉकीजच्या दाराला अजून जुना जाड पडदा आहे. मी त्याच्या आड झालो.

तू इतक्या जवळून गेलीस की तुझ्या डोक्याच्या तेलाचा वास आला. हात पुढं केला असता तर तुझ्या खांद्याला लागला असता. मी श्वास धरून भिंतीला चिकटलो. दार उघडलं, उन्हाची तिरीप आत आली, दार मिटलं. मग मी तुझ्यामागं यायला पाहिजे होतं. आलो नाही. पुढं गाणं लागणार होतं, माझंच. मी ते पूर्ण ऐकलं.

मला नंतर कळलं असं मी तुला लिहिलं. वर, सांगितलं असतंस तर बरोबर आलो असतो, असंही लिहिलं. ते वाचताना तुला काय वाटलं असेल याचा विचार आता करतोय. 

मला लाज वाटते आक्का. फेट्याची वाटते, पेठेत लागलेल्या बोर्डावरच्या माझ्या फोटोची वाटते. गल्लीतली पोरं मोबाइलवर तो ठेका लावतात तेव्हा मी संडासात जाऊन बसतो. पण सगळ्यात जास्त लाज वाटते ती काल राजनंदिनीनं पत्रिका दिली तेव्हा मी हसलो याची. प्रसेनजीतच्या पाठीवर माझं ओझं बसलेलं मला दिसलं, आणि मी म्हटलं, बरं झालं.

तेव्हा सर्जेरावलाच बोलव. मी मामा म्हणून उभा राहण्याच्या लायकीचा नाही. ज्याच्या मरणावर मी लोकांना नाचवलं, त्याच्याच पोरीचा हात धरून मी तिला बोहल्यावर आणायची, हे जमायचं नाही, आणि तुला ठाऊक नसताना तर मुळीच नाही. लग्नाला येऊ नको म्हणालीस तर आईला सर्जेरावबरोबर पाठवतो. आईला यातलं काही माहीत नाही.

हे पत्र तू स्वतः वाच. राजनंदिनीला दाखवू नको. लग्न तोंडावर आलंय, तिच्या मनात हे नको.

‘तुझा’ असं लिहायचा धीर होत नाही, आणि दुसऱ्या कुणाचा तर मी कधी नव्हतोच.

गुंडू


उचगाव
४ मे

मामा,

आई बोलली तसंच लिहिलंय. माझा एक शब्द यात नाही.
राजनंदिनी

गुंड्या,

पत्र पोचलं. पोरीला दावू नगो म्हणालास, पर तिच्याकडनंच वाचून घेतलं. बाप तिचा हुता. मदी कुटं थांबली न्हाई. वाचून झाल्यावर म्हशीपाशी जाऊन बसली आनि थोड्या येळानं यिऊन म्हणाली, आता काय लिवायचं सांग.

मामा म्हणून तुला बोलावलं ते हिच्या हट्टापायी. त्यो पोरगा यिऊन गेला तवापासनं ही माज्या मागं लागली हुती, म्हणून म्हटलं, गुंड्याला कशापायी शिक्षा.

तू टॉकीजमदी हुतास ते मला तवाच कळलं हुतं. पडद्याखाली तुजं पाय दिसत हुतं. ल्हानपणी मार चुकवाय दाराआड दडायचास तवा बी पाय दिसायचं, तुला ते आजून कळत न्हाई. तुज्या पयल्या पत्रात वाचलं की तुला नंतर कळलं, तवा म्हटलं, ऱ्हाऊ दे.

हलगी कुनी घातली, तू का त्यानं का पैसंवाल्यानं, ते कळून माजं काय हुनार हाय? तू शब्द मोडलास, ते लई वाईट केलंस. पर तुजा फोन घ्यायचं मी त्येच्यासाटी सोडलं न्हवतं. बाहेर आल्यावर मी पायरीवर बसलो. म्हटलं, बगितलंय त्यानं, आता यील. पोरगी म्हणत हुती घरला चल. म्हटलं थांब, मामा यील. पिक्चर सुटस्तवर बसलो, समदी मानसं गेली, झाडूवाली आली. तू दुसऱ्या दारानं गेलास.

आता सांगतो ते ऐक.

आदी त्या पोराला फोन कर. मी त्येला पानी बी दिलं न्हाई, ते मला लागून ऱ्हायलंय. लग्नाला त्येला संगं घिऊन ये, म्हणावं आक्कानं जेवाय बोलावलंय.

हळदीला नवऱ्याकडची पोरं डीजे आननार हाईत. त्यो ठेका लावनारच, समद्या हळदीत त्योच वाजतोय. त्यास्नी काय ठावं न्हाई, त्यांचा दोष न्हाई. वाजला की तू म्होरं हो आनि बंद कर. आनि का बंद केला ते तितंच सांग, माईक हातात घिऊन. ही कुस्ती न्हाई म्हणावं. नवरीचा बाप पडला तवाचं हाय, आनि ते मी घातलंय. आसं तुज्या तोंडानं, मांडवात, पावण्यांच्या देखत. सासरचं काय म्हणतील ते मी बगतो. पोरगी बी म्हणती, बोलू दे त्यास्नी.

येवडं केलंस तर दुसऱ्या दिशी पोरीचा हात धर आनि बोहल्यावर आन. सर्जेरावला मी आजून नगो म्हटल्यालं न्हाई, त्यो फेटा बांदून तयार आसंल.

न्हाई जमलं तर न्हाई, मी काय बोलनार न्हाई. पावण्यागत ये, पंगतीला बस, जेवून जा.

आक्का